थे रीना

शेवटचं पान आधी वाचायचं नाही, असा दम तहसीनने वाचनालयातल्या पोरांना वर्षानुवर्षं दिला होता. आणि नोव्हेंबरातल्या त्या दुपारी कुरियरचं पाकीट फाडून पुस्तक हातात आल्याबरोबर तिने पहिल्यांदा उघडलं ते शेवटचंच पान. उभ्याउभ्याच वाचलं. मग त्याच्या मागचं वाचलं, त्याच्याही मागचं, अशी उलट्या पावलांनी सातआठ पानं मागे गेली आणि मग खुर्चीत बसली. आई परत येत नव्हती. रीना एकटीच होडीत बसत होती, आई काठावर उभी राहून तिला जायला सांगत होती, आणि पुस्तक संपत होतं. समोरच्या टेबलावर दोन म्हातारे पेपर वाचत होते. पंख्याने एकाच्या पेपरचं पान उडायला बघत होतं आणि तो ते कोपराने दाबून धरत होता. तहसीन त्या कोपराकडे बघत राहिली. बोटांना पाकिटाच्या चिकटपट्टीचा गोंद लागला होता, तो ती एकमेकांवर घासून काढत होती आणि तो निघत नव्हता. दहा वर्षांपूर्वी याच खोलीत, याच खुर्चीत बसून तिने सांगितलं होतं की आई परत येते.

पाकिटात कैफची चिठ्ठी होती. कैफ म्हणजे तिचा मुलगा, नागपूरला डिप्लोमा करत होता. 'अम्मी, मिल गया. पाचवां. सीताबर्डी के फुटपाथ पर.' त्याला वाटलं असणार, अम्मी खूश होईल. तो तेव्हा आठनऊ वर्षांचा होता, शनिवारी गोष्ट ऐकता ऐकता काउंटरखाली दप्तरावर डोकं ठेवून झोपून जायचा. त्याला काय माहीत, पाचवा भाग अम्मीने आधीच सांगून टाकला आहे.

त्याची हकिकत अशी होती. सत्त्याण्णव साली जंगल खात्याचे एक साहेब ब्रह्मपुरीहून बदलून जाताना आपल्या मुलींच्या जुन्या पुस्तकांची ट्रंक वाचनालयाला देऊन गेले. इंग्रजी पुस्तकं, गावात ती वाचणार कोण म्हणून सगळ्यांनी नाक मुरडलं आणि ट्रंक तहसीनच्या टेबलाखाली आली. तिच्यात एकसारख्या निळ्या पाठीची चार पुस्तकं निघाली. ग्रीक लोकांच्या जुन्या पुराणांतले देव, राक्षस आणि चमत्कार घेऊन कुण्या परदेशी बाईने पोरांसाठी लिहिलेली साहसं. थेरिना नावाची तेरा वर्षांची बेटावरची पोरगी. तिच्या जाळी विणणाऱ्या आईला पाताळाचा राजा उचलून नेतो आणि ही होडी काढून आईच्या मागावर निघते. एकेका भागात एकेक संकट. चौथ्या भागाच्या शेवटी ती मेलेल्या माणसांच्या नदीच्या काठाला पोचते, नावाडी तिच्याकडे बघतो, आणि तिथेच पुस्तक थांबतं. खाली एक ओळ : पुढचा आणि अखेरचा भाग लवकरच. ट्रंकेत पाचवा भाग नव्हता.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की पोरं सावली आणि पंखा म्हणून वाचनालयात घुसायची, दंगा करायची. त्यांना गप्प बसवायला म्हणून तहसीनने एका शनिवारी पहिला भाग उघडला. शुक्रवारी संध्याकाळी डिक्शनरी घेऊन ती एकेक प्रकरण समजून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी मराठीत सांगायची. एकदा ती म्हणाली, 'आता थेरिना गुहेत शिरली,' तेव्हा मागून सूरज नावाच्या पोराने शेजारच्याला समजावलं, 'अरे, थे. थे रीना.' ती रीना. झाडीपट्टीतल्या पोरांच्या कानाने परदेशी नावाचे सरळ दोन तुकडे केले होते. तहसीनला इतकं हसू आलं, की पुढे वाचवेना. तेव्हापासून ती रीना झाली, आणि रीना झाल्यावर तिला ब्रह्मपुरीचं व्हायला वेळ लागला नाही. बैलाच्या तोंडाच्या माणसाच्या भुलभुलैयात ती वाट चुकली, तेव्हा पोरांनी एकमुखाने सांगितलं, की तिचा पाय भुलनवेलीवर पडला असणार. जंगलात तिच्यावर पाय पडला की माणूस जागच्या जागी फिरत राहतो, हे पुस्तक लिहिणाऱ्या बाईला माहीत नाही एवढंच.

त्या पोरांत सोनू होती. दहा वर्षांची, काटकुळी, पेपर लावायच्या लाकडी घोडीला टेकून बसायची. वाचनालयात झाडलोट करणाऱ्या, माठ भरणाऱ्या बायनाबाईची ती भाची. बाप शालिकराम वैनगंगेकडच्या एका खेड्यातला ढीवर, तलावात आणि नदीत मासे धरणारा. पोरगी शाळेसाठी आत्याकडे ठेवलेली. सोनू फार बोलायची नाही. पण केसांच्या जागी साप असलेल्या बाईची गोष्ट झाली, जिच्याकडे बघणारा दगड होतो, तेव्हा बाकीची पोरं दगड होऊन दाखवण्यात दंग असताना ती हळूच काउंटरपाशी आली आणि म्हणाली, 'बाई, तिची वेणी कोण घालून देत असन? तिची माय का डोळे मिटून घालत असन?'  पुढे कितीतरी दिवस कंगवा हातात घेतला की तहसीनला तो प्रश्न आठवायचा. आरशासमोर डोळे मिटून स्वतःचे केस चाचपून बघावेसे वाटायचे.

ऑगस्टात सोनूची आई वारली. ताप आला, मेंदूत गेला, चार दिवसांत संपलं. प्रेमिला तिचं नाव. तहसीनने तिला एकदाच पाहिलं होतं, टोपलीवर ओलं फडकं टाकून दारात उभी असलेली. बायनाबाईने फडकं पिळता पिळता सांगितलं, 'पोरीले नाई सांगतलं अजून. बाप म्हणते, सहामाई होऊ दे, दिवाळीत घरी आली का सांगू. नागपूरच्या दवाखान्यात हाय म्हणून सांगून ठेवलं. तुमीबी बोलू नका, बाई.' तहसीन कशाला बोलते! तिने मान हलवली. पण त्याच्या पुढच्या शनिवारी चौथा भाग हातात घेऊन बसली तेव्हा तिला कळलं, की आपण आता एका आईवेगळ्या पोरीला, जिला आपली आई गेल्याचं माहीत नाही, आई शोधायला निघालेल्या पोरीची गोष्ट सांगतो आहोत. थांबायचं तर काय सांगून थांबायचं? तिने सावकाश सांगितलं, होईल तेवढं लांबवलं. सप्टेंबर सरता सरता रीना नदीच्या काठाला आली, नावाड्याने मान वर केली आणि पुस्तक संपलं.

पोरांनी गलका केला. तहसीन सांगणार होती, की बाबांनो, पाचवा भाग आपल्याकडे नाही, पुढचं तुम्हीच जुळवा. तिने तोंड उघडलंही. तेवढ्यात पेपरच्या घोडीपाशी बसलेली सोनू म्हणाली, 'पाचव्या भागात माय सापडते का, बाई?' आणि तहसीन म्हणाली, 'सापडते.'

तो शब्द तिच्या तोंडून कसा निघाला हे तिला आजही सांगता आलं नसतं. विचार करून निघालेला शब्द नव्हता तो. ठेच लागल्यावर हात आपोआप पुढे जातो तसा गेला. पण गेला तो गेला. मग त्या एका शब्दाखाली पाच शनिवार रचणं भाग पडलं. तिने दोनशे पानी वही घेतली. रात्रीचं आवरून झाल्यावर फारूक, तिचा नवरा, बिघडलेलं शिलाई मशीन घरी आणून त्याचे पुर्जे कागदावर मांडून बसायचा आणि ती त्याच्या शेजारी वही घेऊन बसायची. रीनाने नावाड्याला गाणं म्हणून झोपवलं. तीन तोंडांच्या कुत्र्याच्या तिन्ही तोंडांत सुक्या मासोळ्या टाकल्या. पाताळाच्या राजाशी कोड्यांची पैज लावली आणि जिंकली. कोडी तहसीनने अब्बांकडून ऐकलेली होती. सगळ्यात शेवटी रीना आणि तिची आई दोघी मिळून होडी वल्हवत परत आल्या, आणि काठावर पाय ठेवल्याबरोबर आई म्हणाली, आधी चूल पेटव, झिंगे आणि गरम भात, दुसरं काही नको.

ते झालं दिवाळीच्या आधीच्या शनिवारी. दुसऱ्या दिवशी शालिकराम पोरीला न्यायला आला. डोक्याला पंचा बांधलेला. वाचनालयाच्या दारातूनच त्याने हात जोडले. 'पोरगी लय नाव काहाडते जी तुमचं,' म्हणाला. तहसीनला त्याच्याकडे बघवलं नाही. सोनू दप्तर पोटाशी धरून बापाच्या मागे गेली, जाताना वळून हसली. दिवाळीनंतर ती परत आली, त्याच जागी बसली, दुसरं पुस्तक मागून घेतलं. रीनाचं नाव तिने पुन्हा कधी काढलं नाही. तहसीननेही नाही. सोनू मोठी झाली, बारावी झाली, डीएड झाली. दर ईदेला तिचं कार्ड यायचं. या जूनमध्ये पत्र आलं : भामरागडच्या आश्रमशाळेत लागले, पोरी सगळ्या माडिया आहेत, शाळेची मराठी त्यांना समजत नाही, मी त्यांची बोली शिकते आहे. आणि खाली ताजा कलम म्हणून : 'इथल्या पोरींना मी रीनाची गोष्ट सांगते.'

ते पत्र आलं तेव्हा तहसीनला नुसता आनंद झाला होता. आता पुस्तक मांडीवर घेऊन बसल्यावर तेच वाक्य तिला बोचायला लागलं. म्हणजे आपली थाप जंगलात जाऊन पोचली. वसतिगृहात राहणाऱ्या, आईपासून लांब असलेल्या पोरींना सोनू सांगत असणार, की आई परत येते. आणि त्या बाईने, त्या परदेशी बाईने, किती सरळपणे लिहिलं होतं! 'तू इतकी लांब आलीस, म्हणजे तुला आता एकटीला जाता येईल,' असं आई म्हणते आणि रीना जाते. रडते, पण जाते. ही पानं तेव्हा असती तर? सोनू दुसऱ्याच दिवशी घरी जाणार होती; ही पानं कानात घेऊन गेली असती तर तो दिवस तिला थोडा सोपा गेला असता. त्याऐवजी आपण तिला झिंगे-भात वाढून पाठवली. आणखी एक गोष्ट होती, ती तहसीनने कुणाला सांगितली नव्हती. ते पाच आठवडे तिच्या आयुष्यातले फार सुखाचे गेले होते. वाचनालयातून घरी जाताना ती स्वतःशी बोलायची. भाकरी थापताना कुत्र्याचं तिसरं तोंड कसं फसवायचं ते सुचायचं आणि ती पिठाच्या हातानेच वहीकडे धावायची. एका पोरीची आई मेली होती आणि तिला मजा येत होती. खोटं बोलल्यापेक्षा तिला हे जास्त लागायचं.

'इतना क्या है? किताब ही तो है,' रात्री घरी फारूक म्हणाला. मग तिचा चेहरा बघून त्याने हातातला पेचकस खाली ठेवला. तो फार न बोलणारा माणूस. मशीनच्या आवाजावरून कुठे काय सैल झालंय ओळखायचा, बायकोच्याही. 'फोन पे बोलने की बात नहीं है ये. जा के आ.'

'इतनी दूर?'

'आपा के यहां रुक जा गडचिरोली में. सुबह की गाडी पकड.'

एक्केचाळीस वर्षांच्या आयुष्यात तहसीन गडचिरोलीच्या पुढे कधी गेली नव्हती. सोनूला येत असल्याचा निरोप धाडून, नणंद अमिनाकडे मुक्काम करून शनिवारी पहाटेच्या गाडीत बसली तेव्हा तिच्या पिशवीत निळ्या पाठीचं पुस्तक होतं, सोनूसाठी अमिनाने दिलेले अनारसे होते आणि डोक्यात वाक्यं. सोनू, मला तुला एक सांगायचं आहे. नको, हे फार नाटकी. सोनू, ते पाचव्या भागाचं. सोनू, मी चुकले. चामोर्शीला गाडी थांबली तेव्हा ती उतरून चहा प्यायली आणि तिच्या ध्यानात आलं, की मघापासून आपण वाक्यं जुळवायची सोडून खिडकीबाहेर बघतो आहोत. धान कापून झालेल्या बांध्या, कुठे धान चुरण्याचं, मळणीचं काम चाललेलं, धुक्यात बैलांच्या नुसत्या पाठी. तिला बरं वाटत होतं. तिला स्वतःचा राग आला, की इतक्या जड कामाला निघालो आणि बरं काय वाटतंय. पण वाटत होतं त्याला काय करणार. आलापल्लीनंतर साग सुरू झाला. दोन्ही बाजूंनी उंच, पानगळीला लागलेला, आणि उन्हाच्या पट्ट्या गाडीतून अशा सरकायला लागल्या, की पुढच्या बाकावरच्या बाईची पाठ उजळायची, विझायची, उजळायची. तहसीनला वाटलं, रीना भुलभुलैयातून बाहेर पडते तेव्हा उजेड असाच आला असेल. मी तेव्हा पोरांना 'दिव्यासारखा' म्हणून सांगितलं होतं, ते चुकलंच. आणि लगेच वाटलं, बघ, तुझं सांगणं अजून थांबलेलं नाही.

भामरागडला सोनू सायकल धरून उभी होती. साडी, लांब वेणी, खांद्याला पर्स. तहसीनने तिला ओळखायच्या आधी तिनेच पिशवी हातातून घेतली आणि कॅरिअरला लावली. 'बाई, तुमी खरंच आल्या! मले वाटलं, आलापल्लीवरूनच वापस जान.' शाळा चालत पंधरा मिनिटांवर होती. वाटेत सोनू बोलत राहिली, पावसाळ्यात पूल पाण्याखाली गेला की कसं महिना महिना कुणी येत नाही, पेपर येत नाही, मीठ संपतं, आणि तरी पोरी कशा खूश असतात कारण तपासणीला साहेब येत नाहीत. तहसीन नुसती हं हं करत होती. दहा वर्षांची ती काटकुळी पोरगी आणि ही बाई, यांचा सांधा तिला कुठे लागत नव्हता. चालण्यातही नाही, आवाजातही नाही.

सोनूची खोली वसतिगृहाच्या टोकाला होती. स्टोव्हवर चहा चढला. तहसीनने पिशवीतून पुस्तक काढलं आणि पलंगावर ठेवलं. जुळवलेली सगळी वाक्यं गेली कुठे कोण जाणे. ती म्हणाली, 'पाचवा भाग. कैफला सापडला.'

सोनूने हात पदराला पुसले आणि पुस्तक घेतलं. चाळलं. इंग्रजी तिला फारसं येत नव्हतं. ती चित्रं बघत होती.

'सोनू, याच्यात तिची आई परत येत नाही.'

'हो का?'

'मी तुम्हाला सांगितलं ते पुस्तकातलं नव्हतं. मी मनचं सांगितलं होतं. पुस्तक माझ्याकडे नव्हतंच.'

सोनूने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते हसू होतं, पण तहसीन ज्याची तयारी करून आली होती त्यातलं ते नव्हतं. 'माहीत होतं, बाई.'

'काय माहीत होतं?'

'का तुमीच सांगून राह्यल्या म्हणून. साऱ्याइले माहीत होतं. सूरज तं म्हणे, बाई आज काय जोडते पाहू. पह्यल्या चार भागांत तुमी पुस्तकात पाहून सांगत होत्या, अडकत अडकत. पाचव्यात तुमी पुस्तकात पाह्यलंच नाई. एकदम भरभर, हात हालवून. आन्‌ त्या देशातली माणसं झिंगे-भात खातेत का, बाई?' ती मोठ्याने हसली.

तहसीनही हसली असती. पण खरी गोष्ट अजून मागेच होती. तिने पलंगाच्या कडेवरून बोट फिरवलं. 'मला तुझ्या आईचं माहीत होतं, सोनू. बायनाबाईने मला आधीच सांगितलं होतं. आणि तरी मी सांगितलं, की सापडते.'

स्टोव्ह भणभणत होता. सोनूने वाकून तो बंद केला. एकदम इतकं शांत झालं, की अंगणात कुणी तरी बादली ठेवल्याचा आवाज खोलीत आल्यासारखा वाटला.

'मलेबी माहीत होतं,' सोनू म्हणाली. 'पोळ्याले घरी गेली होती नं मी एक दिवस. मायचं अंथरूण नव्हतं. कोनी म्हणे, धुवाले टाकलं. इकडं पाहा तिकडं पाहा, नदीच्या काठाले पडलं होतं, अर्धं जळलं. दवाखान्यात गेल्या माणसाचं अंथरूण कोनी जाळते का? आन्‌ सारे माह्याशी गोड बोलत. आत्या कधी रागावेच नाई. तवाच समजली मी.'

'मग बोलली का नाहीस?'

'कोनाले बोलू? बाबाले वाटे मले माहीत नाई, म्हणून त्याले थोडं बरं वाटे. आत्याले तसंच. मंग तुमी सुरू केलं. म्या पाह्यलं, बाईलेबी माहीत हाय आन्‌ बाई तरी सांगून राह्यली. पाह्यलं का, सांगताना तुमी माह्याकडं पाहातच नवत्या. साऱ्याइकडं पाहा, मले सोडून.' तिने कप तहसीनच्या हातात दिला. 'मले आयकाचं होतं, बाई. शनिवारी दोन घंटे माय होडीत बसून राहे. मंग घरी जाऊन मी आत्याच्या फाटकापाशी बसून रडो. पोटभर. पण दोन घंटे थे होती नं. तुमचं म्हणणं, तुमी मले फसवलं?'

तहसीनने घोट घेतला. चहात साखर फार पडली होती. ब्रह्मपुरीत बायनाबाई करायची तसा. तो सगळा ती प्यायली. दहा वर्षं जिच्याबद्दल ती चोरट्यासारखी वागली होती ती पोरगी तेव्हाच तिच्यापेक्षा शहाणी होती, आणि तिने हे सगळं सांभाळून घेतलं होतं, बापाला, आत्याला, आणि शनिवारी हात हलवून सांगणाऱ्या वाचनालयातल्या बाईलाही. कोण कोणाला गोष्ट सांगत होतं तेव्हा? तहसीनला आपली ती हात हलवण्याची लकब आठवली आणि कानशिलं गरम झाली. लाजेने झाली, पण ती लाज वाईट नव्हती. लहानपणी अब्बांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं की असंच व्हायचं. मजा येत होती ते पोरांना दिसत होतं. पोरांनाही येत होती. एवढंच.

'आणि इथे? इथल्या पोरींना काय सांगतेस?' थोड्या वेळाने तिने विचारलं.

'इथी वेगळं हाय,' सोनू म्हणाली. 'यांच्या माया लांब पाड्यावर. बाजाराच्या दिवशी पायी चालत येतेत, पोरीले भेटतेत, दुपारी वापस. म्हणून रीनाची मायबी बाजाराच्या दिवशीच येते. नदीतून वर येते, मीठ घेते, रीनाले पाहाते, चालली जाते. पोरींले पटते थे. तुमचं म्या सांगून पाह्यलं होतं सुरुवातीले. एक पोरगी म्हणे, माय अशी कायमची राहाले येतच नाई, खोटं हाय.' तिने पुस्तक उचललं. 'हे वाचून दाखवा नं आज. खरं काय हाय थे आयकू द्या त्याईले.'

'रडतील.'

'रडन तं रडन. जवळ बसू आपण.'

जेवणं आटोपल्यावर अंगणात चिंचेखाली पोरी बसल्या. वीसपंचवीस असतील, तेल लावलेली डोकी, एकसारखे निळे झगे. थंडी म्हणून दोघी दोघींत एकेक चादर. सोनू त्यांच्यातच खाली बसली. तहसीनला खुर्ची दिली होती. तिने ठरवलं होतं, आज एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. ती इंग्रजी वाक्य मनात वाचायची, मराठीत सांगायची, आणि सोनू ते माडियात सांगायची. नावाडी. नदी. कुत्रा. पाताळाच्या राजाच्या दारात विणत बसलेली आई. तहसीनला त्या बोलीतला एकच शब्द कळत होता, याया, आई. तो आला की ती ओळखायची आपण कुठे आहोत. मग तिच्या ध्यानात यायला लागलं, की आपण एक वाक्य सांगतो आणि सोनू चार सांगते. पुस्तकात काहीही गमतीचं नव्हतं अशा जागी पोरी खुदखुदत होत्या. एकीने तर तोंडावर चादर घेतली. तहसीनने सोनूकडे पाहिलं. सोनूने तिच्याकडे पाहिलं नाही. तिचे दोन्ही हात हवेत होते.

 तहसीनने पुढचं वाक्य सांगितलं. आई म्हणते, तू इतकी लांब आलीस, म्हणजे तुला आता एकटीला जाता येईल. हे मात्र सोनूने एकाच वाक्यात सांगितलं, हलक्या आवाजात. कुणी रडलं नाही. पोरी नुसत्या बघत राहिल्या. रीना होडीत बसली. आई काठावर राहिली. तहसीनने पुस्तक मिटलं.

 मग पहिल्या रांगेतली एक पोरगी, सुकरी तिचं नाव, सातएक वर्षांची, समोरचे दोन दात पडलेली, सोनूकडे वळून काही तरी म्हणाली. सोनू थांबली. तिने तेच पुन्हा विचारलं, पोरीने पुन्हा तेच सांगितलं.

'काय म्हणते?'

'म्हणते का, तिथी पाताळात तिच्या यायाची बोली कोनाले समजते का?'

तहसीनने पुस्तक उघडलं. शेवटचं पान, त्याच्या मागचं, त्याच्या मागचं. त्या परदेशी बाईने सगळं लिहिलं होतं, दाराचा रंग लिहिला होता, कुत्र्याच्या दातांची लांबी लिहिली होती. हे लिहिलं नव्हतं. तिला एकदम ब्रह्मपुरीतली मराठी शाळा आठवली, पहिलीचा पहिला दिवस. घरात उर्दू-हिंदी, शाळेत मराठी. बाईंनी काय सांगितलं ते तिला समजलं नव्हतं आणि सगळी पोरं उभी राहिली तेव्हा ती एकटी बसून राहिली होती. शेजारी झिंगू नावाची एक पोरगी होती, शेंबडी, फाटक्या झग्याची. तिने हाताला धरून उभं केलं, आणि दुपारी काय काय म्हणायचं ते एकेक करून, बोट दाखवून दाखवून, शिकवलं. हे पाटी. हे पेन. हे मी. किती वर्षांत झिंगूची आठवण झाली नव्हती.

पोरी वाट बघत होत्या. सुकरी तोंड उघडं टाकून बघत होती. सोनूही बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत तो पेपरच्या घोडीपाशी बसणाऱ्या पोरीचा भाव तहसीनला आज पहिल्यांदा दिसला.

तिने पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं, खुर्ची मागे सारली आणि पोरींच्या शेजारी खाली बसली.

'समजते नं,' ती सुकरीला म्हणाली. 'तिथं एक पोरगी होती.'

सोनूने ते पोरींच्या बोलीत सांगितलं, जेवढं होतं तेवढंच, आणि पुढचं काय ते ऐकायला वळली.